गाठीपर्यंत पोचतं किती? कर्करोगावरच्या नॅनो औषधांबद्दल वाचकांचे प्रश्न

कर्करोगाच्या गाठीपर्यंत औषध नेणाऱ्या नॅनोकणांबद्दल मराठवाड्यातून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. काही पत्रं महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून आली, काही वॉर्डातून, काही घरांतून. औषधनिर्माणशास्त्र शिकवणाऱ्या आणि केमोथेरपी देणाऱ्या मंडळींनी मिळून उत्तरं लिहिली आहेत. पत्रं थोडी आटोपशीर केली असली तरी भाषा लिहिणाऱ्यांचीच ठेवली आहे.

नॅनोकण रक्तात सोडले की ते आपोआप गाठ हुडकतात आणि तेवढीच मारतात, असं एका व्हिडिओत पाहिलं. हे खरं आहे का?
— शेतकरी वाचक, अंबाजोगाई

नाही. नॅनोकण स्वतःहून कुठेही जात नाही, रक्त नेईल तिकडे जातो. गाठीत तो अडकण्याची शक्यता शरीरात इतर ठिकाणांपेक्षा जरा जास्त असते, एवढाच त्यातला खरा भाग. भराभर वाढणाऱ्या गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईत आणि कच्च्या बनलेल्या असतात. त्यांच्या भिंतीत फटी राहतात आणि आत शिरलेलं बाहेर नेणारी लसीकावाहिन्यांची व्यवस्थाही नीट नसते. त्यामुळे मोठे रेणू आणि कण तिथे साचतात. मात्सुमुरा आणि माएदा या जपानी शास्त्रज्ञांनी १९८६ साली हे मांडलं आणि पुढची तीसेक वर्षं जवळपास सगळं संशोधन त्या एका कल्पनेवर उभं राहिलं.

तिथवर पोचण्याआधी कणाला शरीराच्या चाळण्यांतून जावं लागतं. साडेपाच नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून लघवीत जातो. २०० च्या वर गेला की प्लीहा अडवते. मधल्या आकाराचा असला तरी यकृतातल्या कुफर पेशी त्याला परका समजून गिळतात, आणि सगळ्यात मोठा वाटा तिथेच जातो. म्हणून बहुतेक कण ८० ते १५० नॅनोमीटरच्या घरात ठेवतात, विद्युतभार शून्याच्या आसपास ठेवतात आणि वरून पॉलिइथिलीन ग्लायकॉल म्हणजे पेगचं आवरण देतात. पेगभोवती पाण्याचा थर धरून राहतो, त्यामुळे रक्तातली प्रथिनं कणाला लगेच चिकटत नाहीत आणि कण जास्त वेळ फिरत राहतो.

तरीही टोरोंटोच्या वॉरेन चॅन यांच्या गटाने २०१६ साली आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे ११७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण ०.७ टक्के निघालं. शंभरात एकही नाही. त्याच गटाने २०२० साली उंदरांत दाखवलं की ९७ टक्क्यांपर्यंत कण फटींतून शिरतच नाहीत, रक्तवाहिनीच्या पेशी त्यांना एका बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला सोडतात. म्हणजे ज्या फटींवर सगळा भरवसा होता त्या आपण समजत होतो तितक्या नाहीत.

मग ही औषधं वापरायचीच कशाला? कारण औषध कणात बंद असताना हृदय, नसा, आतडी यांना त्याचा मार कमी बसतो. आज बाजारात असलेल्या नॅनो औषधांचा खात्रीचा फायदा बहुतेक वेळा हाच असतो. गाठीवर नेम धरण्याची गोष्ट त्यानंतर येते.

पीएलजीए आणि पॅकलिटॅक्सेलचे कण नॅनोप्रेसिपिटेशनने करायले. १०० मिग्रॅ पॉलिमर आणि १० मिग्रॅ औषध ५ मिली ॲसिटोनमध्ये, खाली १ टक्का पीव्हीए २० मिली. साइज ३४० येते, पीडीआय ०.४५. सेंट्रिफ्यूज केल्यावर ६०० च्या पुढे जाते. वर जे जाड गोळे दिसतात ते गाळून टाकते. वरच्या पाण्यात औषध मोजून एंट्रॅपमेंट ७८ टक्के येते, पण कण विरघळवून मोजलं तर लोडिंग २ टक्केच. सर म्हणतात परत कर. नेमकं काय बदलू?
— एम.फार्म. विद्यार्थिनी, नांदेड

बाकी वाचकांसाठी आधी थोडं: पीएलजीए हा कणाचं अंग बनवणारा, शरीरात हळूहळू विरघळणारा पॉलिमर, पॅकलिटॅक्सेल हे केमोचं औषध आणि पीव्हीए कणांना एकमेकांना चिकटू न देणारं द्रव्य. ॲसिटोनमधला पॉलिमर पाण्यात सोडून त्याचे कण पाडायचे, ते नॅनोप्रेसिपिटेशन. साइज नॅनोमीटरमध्ये आहे, पीडीआय म्हणजे कणांच्या आकारातली तफावत. एंट्रॅपमेंट म्हणजे घातलेल्या औषधापैकी कणांत गेलेला वाटा, लोडिंग म्हणजे कणांच्या वजनातला औषधाचा वाटा. आता तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे. ७८ टक्के खरे असते तर कणांत ७.८ मिग्रॅ औषध असायला हवं आणि लोडिंग ७ टक्क्यांच्या आसपास यायला हवं. २ टक्के म्हणजे जेमतेम २ मिग्रॅ. बाकीचं औषध ना वरच्या पाण्यात आहे ना कणांत. ते तुम्ही गाळून फेकलेल्या गोळ्यांत, बीकरच्या भिंतीवर आणि मॅग्नेटिक बीडवर आहे. पॅकलिटॅक्सेल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ॲसिटोन उडायला लागला की पॉलिमरमध्ये न मावलेलं औषध सुईसारख्या स्फटिकांत बाहेर पडतं. गोळ्यांतला एक थेंब काचेच्या पट्टीवर घेऊन साध्या मायक्रोस्कोपखाली बघा, सुया दिसतील. वरच्या पाण्यावरून हिशेब करायची पद्धत इथेच फसवते, कारण पाण्यात नाही ते सगळं कणांतच आहे असं ती गृहीत धरते. यापुढे कण, वरचं पाणी, धुतलेलं पाणी आणि बीकर अ‍ॅसिटोनायट्राइलने खंगाळून आलेलं, या चारही ठिकाणचं औषध मोजा. बेरीज घातलेल्या औषधाच्या ९० टक्क्यांच्या वर आल्याशिवाय कुठलाही आकडा प्रबंधात घालू नका.

आता साइज. २० मिग्रॅ प्रति मिली हे पॉलिमरचं द्रावण फार दाट आहे. ॲसिटोन पाण्यात पसरायच्या आतच पॉलिमरचा मोठा गोळा बसतो. ५ मिग्रॅ प्रति मिलीवर या: ५० मिग्रॅ पीएलजीए, १० मिली ॲसिटोन आणि औषध आधी फक्त २.५ मिग्रॅ. ते जमलं तर ५ पर्यंत वाढवा. खाली ०.५ टक्के पीव्हीए २० मिली. पीव्हीए ८७ ते ८९ टक्के हायड्रोलाइज्ड घ्या, ८० ते ८५ अंशांवर ढवळत विरघळवा, थंड करा आणि ०.२२ मायक्रॉनमधून गाळा. गार पाण्यात टाकलेल्या पीव्हीएच्या जेलसारख्या गुठळ्या राहतात आणि त्या यंत्रावर मोठ्या कणांसारख्या दिसतात. २६ गेजच्या सुईचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली, भोवऱ्याच्या कडेला ठेवा. ६०० ते ७०० फेऱ्यांवर ढवळत मिनिटाला १ मिली सोडा. वरून थेंब थेंब टाकलं की प्रत्येक थेंबाभोवती वेगळी परिस्थिती तयार होते आणि पीडीआय वाढतो.

यानंतरचं पुस्तकात सहसा नसतं. पीएलजीए कोरडा असताना साधारण ४५ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. पाण्यात भिजल्यावर आणि ॲसिटोनचा अंश असताना तो त्याच्या बराच खाली मऊ होतो. मे महिन्यात नांदेडच्या बिनवातानुकूलित खोलीत ४० अंश असतात. म्हणजे ॲसिटोन उडत असताना तुमचे कण चिकट झालेले असतात आणि एकमेकांना धरतात. बीकर २० अंशांच्या पाण्यात बसवा, बर्फाचे तुकडे टाकून थर्मामीटर लावून ठेवा. पॉलिमरची बाटली उणे २० वरून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. आत दव धरलं तर पॉलिमर हळूहळू तुटतो आणि पुढच्या महिन्यात तीच कृती वेगळी साइज देते.

सेंट्रिफ्यूज केल्यावर ६०० येतं ते घट्ट दाबल्यामुळे. पत्रात जी-बल, म्हणजे गुरुत्वाच्या किती पट बल, ते लिहिलेलं नाही; नुसत्या फेऱ्या सांगून भागत नाही. रोटर बदलला की तेवढ्याच फेऱ्यांना बल वेगळं असतं. आधी १,००० जीवर ५ मिनिटं फिरवा, म्हणजे मोकळे स्फटिक खाली बसतील. वरचा दुधाळ भाग काढून घ्या आणि १०० किलोडाल्टनच्या अल्ट्राफिल्ट्रेशन नळीत २,००० जीवर धुवा. नळी परवडत नसेल तर ४ अंशांवर १०,००० जी, २० मिनिटं. खाली बसलेला गोळा पुन्हा पसरवताना पाण्याऐवजी ट्रेहॅलोज या साखरेचं ५ टक्के द्रावण वापरा. पुढे फ्रीज ड्राय करायचं असेल तर तेच ट्रेहॅलोज कणांना एकमेकांत मिसळू देत नाही. पुन्हा भिजवल्यानंतरच्या साइजला सुकवण्याआधीच्या साइजने भागलं की उत्तर १ च्या जवळ आलं पाहिजे. १.५ च्या वर गेलं तर ती कृती सोडून द्या.

साइज मोजणाऱ्या यंत्राबद्दलही बोलायला हवं. कणाने विखुरलेला प्रकाश त्रिज्येच्या सहाव्या घातात वाढतो. म्हणजे ५०० नॅनोमीटरचा एकच कण १०० नॅनोमीटरच्या १५,६२५ कणांएवढा प्रकाश फेकतो. धुळीचे दोन-चार कण अख्खा निकाल बिघडवतात. पातळ करायचं पाणी गाळलेलं घ्या, नमुना जवळजवळ पारदर्शक दिसेपर्यंत पातळ करा आणि निदान एका तुकडीचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो काढून ताडून बघा.

लोडिंगच्या आकड्यावर एवढं अडून का बसायचं, तेही सांगतो. पॅकलिटॅक्सेलचा नेहमीचा डोस दर चौरस मीटरला १७५ मिग्रॅ असतो. १.६ चौरस मीटरच्या रुग्णाला २८० मिग्रॅ लागतं. २ टक्के लोडिंगवर तेवढ्या औषधासाठी १४ ग्रॅम कण शिरेतून द्यावे लागतील. ते कुणी देणार नाही. १० टक्क्यांवर २.८ ग्रॅम लागतात, निदान विचार तरी करता येतो. प्रबंधात पहिल्या पानावर हे गणित मांडा. बहुतेक फॉर्म्युलेशन तिथेच बाद होतात, आणि ते लवकर कळलेलं बरं.

रिलीजचा, म्हणजे कणातून औषध किती वेगाने बाहेर पडतं ते बघायचा प्रयोग करताना डायलिसिस बॅगमध्ये नुसतं औषध भरूनही एक नमुना चालवा. नाहीतर बॅगच्या पडद्याचा वेग तुम्ही कणाच्या नावावर लिहाल. बाहेरच्या ७.४ पीएचच्या बफरमध्ये ०.५ टक्के ट्वीन ८० घाला, म्हणजे बाहेर आलेलं औषध विरघळायला जागा मिळेल. पहिल्या ६ तासांत ४० टक्के औषध बाहेर पडत असेल तर कण गाठीत पोचेपर्यंत बराचसा रिकामा झालेला असेल, मग पेग लावून उपयोग नाही.

आणि पॅकलिटॅक्सेल पंख्याखाली उघड्या काट्यावर वजन करू नका. ते पेशी मारणारं औषध आहे. दुहेरी हातमोजे, मास्क आणि बंद कॅबिनेट हवं. कृती बसेपर्यंत औषधाच्या जागी कर्क्युमिन वापरलं तर खर्चही वाचतो आणि धोकाही. फक्त ते उजेडात आणि अल्कलीत टिकत नाही, म्हणून बीकरला फॉइल गुंडाळा.

लायपोसोममधून औषध वाटेतच गळत नाही का? आणि इतकं औषध त्या इवल्याशा पिशवीत भरतात कसं?
— औषध कंपनीतला कर्मचारी, वाळूज

लायपोसोम म्हणजे लिपिडच्या, म्हणजे स्निग्ध रेणूंच्या भिंतीची पिशवी. डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाच्या बाबतीत हा प्रश्न फार देखण्या युक्तीने सुटला आहे. डॉक्सिल, म्हणजे लायपोसोममधलं डॉक्सोरुबिसिन, १९९५ साली अमेरिकेत मंजूर झालं. त्याच्या प्रत्येक मिलीत २ मिग्रॅ डॉक्सोरुबिसिन आणि जवळपास १६ मिग्रॅ लिपिड असतं: हायड्रोजनेटेड सोया लेसिथिन ९.५८, कोलेस्टेरॉल ३.१९ आणि पेग लावलेलं लिपिड ३.१९ मिग्रॅ.

आधी रिकामे लायपोसोम करतात. लिपिड २५० मिलिमोलर अमोनियम सल्फेटच्या द्रावणात ६० ते ६५ अंशांवर भिजवतात आणि त्याच तापमानाला छिद्रांच्या पडद्यांतून टप्प्याटप्प्याने दाबून काढतात, ४००, २००, १०० आणि शेवटी ८० नॅनोमीटर. यंत्र गार पडलं तर पडदा तुंबतो, कारण हे लिपिड ५० अंशांच्या वर गेल्याशिवाय मऊच होत नाही. नंतर बाहेरचं अमोनियम सल्फेट डायलिसिसने काढून तिथे १० टक्के साखरेचं द्रावण आणतात, आतलं तसंच राहू देतात. मग ६० अंशांवर औषध घालतात. आतला अमोनिया वायू होऊन बाहेर निसटतो, मागे हायड्रोजन आयन राहतात. विद्युतभार नसलेलं डॉक्सोरुबिसिन भिंतीतून आत शिरतं, तिथे भार घेतं आणि सल्फेटबरोबर स्फटिक होऊन बसतं. भार घेतलेल्या औषधाला परत भिंत ओलांडता येत नाही. ९० टक्क्यांच्या वर औषध असं आत जातं आणि रक्तात फिरताना आतच राहतं.

लोडिंग ५० ते ६० टक्क्यांवर अडकलं तर पहिला संशय बाहेर उरलेल्या अमोनियम सल्फेटवर घ्या. आत-बाहेर फरकच उरला नाही तर औषध आत ओढलं जाणार कसं? एक जाता जाता: २०१२ साली अमेरिकेत डॉक्सिलची टंचाई झाली तेव्हा तिथल्या औषध प्रशासनाने आपल्याकडच्या सन फार्माचं लिपोडॉक्स आयात करू दिलं आणि पुढच्या वर्षी त्या कंपनीच्या जेनेरिकला मंजुरीही दिली. ही प्रक्रिया जमणाऱ्या जगातल्या थोड्या ठिकाणांत आपला देश आहे. वाळूजच्या माणसाला हे ठाऊक असावं.

कणावर फोलेट किंवा अँटिबॉडी चिकटवली की तो थेट कर्कपेशीकडेच जातो, असं विद्यार्थी सेमिनारमध्ये सांगतात. त्यांना काय सांगावं?
— प्राध्यापक, परभणी

कण पेशीला भिडल्यानंतरच लिगँडचं, म्हणजे कणावर चिकटवलेल्या अशा रेणूचं काम सुरू होतं, हे सांगावं. काही नॅनोमीटर अंतरावर असल्याशिवाय फोलेटला त्याचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची त्याला धरणारी जागा, सापडत नाही. गाठीपर्यंतचा सगळा प्रवास साध्या कणासारखाच होतो. लिगँडमुळे पोचलेले कण पेशीच्या आत जाण्याचं प्रमाण वाढतं, गाठीत पोचणाऱ्यांची संख्या फारशी वाढत नाही.

उलट नुकसान होऊ शकतं. लिगँड दाट लावले तर पेगचं आवरण विस्कटतं आणि यकृत कण लवकर उचलतं. पकड फार घट्ट असली तर कण रक्तवाहिनीजवळच्या पहिल्याच पेशींना चिकटून बसतात, आतल्या भागाला औषध मिळत नाही. शिवाय रक्तात गेल्यावर काही मिनिटांतच प्रथिनांचा थर चढतो. ट्रान्सफेरिन हे लिगँड लावलेल्या सिलिका कणांवर असा थर बसला की ते आपला रिसेप्टर ओळखेनासे होतात, हे डब्लिनच्या गटाने २०१३ साली दाखवलं. म्हणून पेशींवरचा प्रयोग साध्या बफरमध्ये करून थांबू नये, ५० टक्के सीरममध्येही करावा. फोलेटचे रिसेप्टर निरोगी मूत्रपिंडातही भरपूर असतात, हेही सेमिनारमध्ये कुणी सांगत नाही.

माणसांवरचा अनुभव त्यांना जरूर सांगा. प्रोस्टेट कर्करोगावर रोखलेला डोसेटॅक्सेलचा बाइंड-०१४ हा कण खूप गाजला. २०१६ साली त्याच्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. स्तनाच्या कर्करोगासाठी अँटिबॉडीचे तुकडे लावलेल्या एमएम-३०२ या लायपोसोमची चाचणीही त्याच वर्षी फायदा दिसत नाही म्हणून थांबवली गेली.

सीताफळाच्या पानांच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण बनवले. एमटीटी टेस्टमध्ये ८५ टक्के कर्कपेशी मेल्या. हे कर्करोगावरचं औषध म्हणून मांडता येईल का? दुसऱ्या खेपेला मात्र द्रावण पांढरं झालं, ते का?
— बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांचा गट, बीड

पांढरं झालं ते पाण्यामुळे. १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटला पाण्यातलं क्लोराइड भेटलं की सिल्व्हर क्लोराइडचा साका धरतो. बीडकडचं बोअरचं पाणी क्षारांचं असतं. अर्क उकळायला, काचेची भांडी शेवटी खंगाळायला आणि द्रावण करायला, तिन्ही ठिकाणी डिस्टिल्ड पाणीच घ्या. रंग पिवळसर तपकिरी यावा आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या मध्ये एक शिखर दिसावं.

औषध म्हणून मात्र मांडता येणार नाही. चांदीचे आयन कर्कपेशी आणि साधी पेशी यांत भेद करत नाहीत. निरोगी पेशींवर तोच प्रयोग केल्याशिवाय ८५ टक्के हा आकडा अर्धवट आहे. सोबत नुसता अर्क आणि नुसतं सिल्व्हर नायट्रेट असे दोन नमुनेही हवेत. आणखी एक सापळा आहे. एमटीटी चाचणीत जिवंत पेशींनी आणलेल्या जांभळ्या रंगावरून किती पेशी वाचल्या ते मोजतात. पानांतली फिनॉलिक द्रव्यं पेशी नसतानाही एमटीटीचा जांभळा रंग आणू शकतात आणि चांदीचे कण स्वतः प्रकाश शोषतात. पेशी न घालता कण, अर्क आणि एमटीटी एकत्र करून एक रकाना ठेवा. तो रिकामा आला तरच बाकीचे आकडे धरा. हे सगळं नीट केलंत तर उत्तम बी.एस्सी. प्रकल्प होईल. शीर्षकात कर्करोगाचा उपचार हे शब्द तेवढे नकोत.

उंदीर बरे होतात, मग माणसं का नाही?
— विज्ञान शिक्षक, हिंगोली

२० ग्रॅमच्या उंदराला १ ग्रॅमची गाठ म्हणजे वजनाच्या ५ टक्के. ६० किलोच्या माणसाला त्या प्रमाणात ३ किलोची गाठ झाली. शिवाय उंदराची गाठ दोन-तीन आठवड्यांत वाढवलेली असते, म्हणून तिच्या रक्तवाहिन्या कच्च्या आणि गळक्या. माणसाची गाठ वर्षानुवर्षं मुरलेली असते, तिच्यात घट्ट तंतूंचं जाळं असतं आणि आतल्या द्रवाचा दाब इतका चढलेला असतो की बाहेरून आत जाणारा प्रवाहच मंदावतो. या दाबावरचं पायाभूत काम आयआयटी कानपूरला शिकलेल्या राकेश जैन यांनी केलं आहे.

सुवर्णभस्मातही सोन्याचे बारीक कण असतात म्हणे. मग ते घेतलं तर चालेल का?
— वाचक, जालना

केमोथेरपीच्या ऐवजी अजिबात नको. भस्मात सोन्याचे सूक्ष्म कण सापडतात हे खरं, पण ते लहानमोठे कसेही असतात, तोंडातून घेतल्यावर रक्तात फार थोडे जातात आणि त्यांच्यावर गाठ मारणारं औषध नसतं. केमो चालू असताना दुसरं काहीही घ्यायचं तर आधी तुमच्या कर्करोगतज्ज्ञांना दाखवा, कारण यकृतावर ताण आला तर केमोचा डोस बदलावा लागतो.

नॅब-पॅकलिटॅक्सेलची व्हायल विरघळवताना फार फेस येतो. घाई असते तेव्हा काय करावं?
— स्टाफ नर्स, लातूर

ताई, घाई असली तरी पहिल्या मिनिटात करू नका, पुढे दुप्पट वेळ जातो. १०० मिग्रॅच्या व्हायलमध्ये २० मिली नॉर्मल सलाईन घालायचं, म्हणजे मिलीला ५ मिग्रॅ होतं. सुई व्हायलच्या आतल्या भिंतीकडे वळवून कमीत कमी एक मिनिट घेत हळूहळू सोडा. पावडरीच्या वडीवर थेट धार मारली की फेस होतो, कारण कणाचं आवरण अल्ब्युमिन म्हणजे प्रथिन आहे. मग ५ मिनिटं तशीच ठेवा, पावडर भिजू द्या. नंतर निदान दोन मिनिटं हलकेच गोल फिरवा किंवा उलटसुलट करा. जोरात हलवू नका. फेस आलाच तर १५ मिनिटं थांबा. द्रावण एकसारखं दुधाळ दिसलं पाहिजे. तळाला कण दिसले तर पुन्हा हळू उलटसुलट करा. धाग्यासारखे तंतू दिसले तर ती व्हायल वापरू नका. सलाईनच्या सेटमध्ये बारीक फिल्टर लावू नका.

साध्या पॅकलिटॅक्सेलच्या ऑर्डरशी याची गल्लत होऊ देऊ नका. स्तनाच्या कर्करोगात नॅब-पॅकलिटॅक्सेल दर चौरस मीटरला २६० मिग्रॅ ३० मिनिटांत देतात, साधं १७५ मिग्रॅ ३ तासांत. साध्यात औषध विरघळवणारं क्रेमोफोर असल्याने ॲलर्जी टाळायला आधी स्टिरॉइड द्यावं लागतं. यात क्रेमोफोर नाही, त्यामुळे बहुतेक रुग्णांना ते लागत नाही.

आईला अंडाशयाचा कॅन्सर आहे. आता लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन देऊ म्हणायलेत. साधं डॉक्सोरुबिसिन लई स्वस्त आहे. मग हेच का? इंजेक्शन संभाजीनगरहून आणावं लागल. आणि उन्हाळ्यात आईला काय जपावं?
— मुलगा, कळंब, जि. धाराशिव

साध्या औषधाची हृदयावर होणारी झीज यात बरीच कमी होते आणि केसही सहसा तेवढे जात नाहीत. हे रक्तात बराच काळ फिरतं, निम्मं कमी व्हायलाच दोन-अडीच दिवस लागतात, म्हणून चार आठवड्यांतून एकदा देतात. दोन्हींचे मिलिग्रॅम सारखे धरून एकाच्या जागी दुसरं देता येत नाही. दुकानदाराने नुसतं डॉक्सोरुबिसिन हातात ठेवलं तर घेऊ नका, खोक्यावर लायपोसोमल किंवा पेगायलेटेड लिहिलेलं हवं.

आणताना २ ते ८ अंशांत ठेवायचं आहे आणि गोठू द्यायचं नाही. थर्मासच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या ठेवा, पण खोकं टॉवेलमध्ये गुंडाळून, बर्फाला न टेकवता. एसटीच्या बॉनेटजवळ किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. दुकानदाराला निघायच्या वेळीच फ्रीजमधून काढायला सांगा.

इंजेक्शन ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच देतात, नॉर्मल सलाईनमध्ये नाही. आईंना साखरेचा त्रास असेल तर सिस्टरांना आधी सांगा. सुरुवातीला मिनिटाला १ मिग्रॅ इतकं सावकाश सोडतात. पहिल्या काही मिनिटांत चेहरा लाल होणं, पाठ दुखणं, छातीत दडपल्यासारखं होणं असं काही झालं तर लगेच बोलायला सांगा, आईंची सोसून घ्यायची सवय असली तरी. थेंब थांबवून, नंतर हळू चालू केलं की बहुतेकांना पुढे त्रास होत नाही. एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते औषधाच्या रंगामुळे.

उन्हाळ्यात खरं जपायचं ते तळहात आणि तळपाय. हे कण त्वचेतही साचतात, विशेषतः जिथे उष्णता आणि घर्षण असतं तिथे. दुसऱ्या-तिसऱ्या डोसनंतर तळव्यांना लाली, आग, सूज आणि कधी फोड येतात. इंजेक्शननंतरचा आठवडाभर कडक पाण्याने अंघोळ नको, उन्हात अनवाणी अंगणात जाणं नको, भाकरी थापणं आणि धुणं आपटणं दुसऱ्या कुणी करावं. घट्ट चपला, काचणाऱ्या बांगड्या काढून ठेवा. साधं, सुवास नसलेलं मॉइश्चरायझर हलक्या हाताने लावा, चोळू नका. आग सुरू झाली की पुढच्या डोसची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. डोस कमी केला किंवा एक-दोन आठवडे पुढे ढकलला की त्वचा भरून येते. लपवून पुढचा डोस घेतला तर चालणंही अवघड होतं. १००.४ च्या वर ताप आला तर रात्र असली तरी दवाखाना गाठा, पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असू शकतात.

खर्चासाठी औषध विकत घ्यायच्या आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आईंच्या आजाराच्या कोणत्या केमो पॅकेजला मंजुरी मिळते ते बायोप्सीचा रिपोर्ट, रेशन कार्ड आणि आधार दाखवून विचारा. मंजुरी उपचारापूर्वी घ्यावी लागते, आधी घेतलेल्या औषधाची बिलं नंतर दाखवून भागत नाही.